दोन चॅनेलचं घरगुती टेन्स मशीन : जुनाट दुखण्यात ताण झेलायला कितपत कामाचं?

टेन्स मशीन म्हणजे त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देणारी, मेडिकल दुकानात किंवा ऑनलाइन मिणारी तळहाताएवढी डबी. दोन वायरी (एक वायर म्हणजे एक चॅनेल), प्रत्येक वायरीला दोन टोकं, टोकांना चार चिकट पॅड. खोक्यावर बहुधा कंबर धरून हसणारा माणूस असतो आणि दुखण्यापासून सुटकेचं आश्वासन असतं. ते आश्वासन बाजूला ठेवा. तीव्र जुनाट दुखणं, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक टिकलेलं आणि रोजचं जगणं अडवणारं दुखणं, या मशीनने बरं होत नाही. तरीही नीट वापरलं तर ते घरात असावं असं आमचं मत आहे. त्याचं कारण खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. हे मशीन दुखण्यापेक्षा दुखण्यासोबत येणाऱ्या ताणाच्या वेळी जास्त उपयोगी पडतं.

धडधाकट माणसावर अचानक संकट आलं, समजा रस्त्यात गाडी अंगावर आली, तर खरचटलेलं, मुरगळलेलं काही वेळ कळतही नाही. मेंदूच्या देठाकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या वाटा अशा वेळी दुखण्याचे संदेश खालीच थोपवतात. वर्षानुवर्षं दुखत असलेल्या शरीरात ही थोपवण्याची यंत्रणा ढिली पडते आणि कित्येकांत कारभार उलटा होतो. ताण आला की दुखणं दबण्याऐवजी उसळतं. ताणही मोठा असावा लागत नाही. कुकरची शिट्टी, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, दारावरची बेल, कोणी जरा चढ्या आवाजात विचारलेलं ‘अजून झालं नाही?’ एवढंही पुरतं. छातीत धडधडतं, दात आवळले जातात, खांदे कानांकडे चढतात, पोट आत ओढलं जातं, श्वास वरच्या वर अडकतो. दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू तर आधीच राखण करत ताठलेले असतात, ते आणखी आवळतात. काही मिनिटांत त्या आवळण्याचं वेगळं दुखणं सुरू होतं आणि शरीर त्यालाही नवा धोका समजतं.

हृदयाचे ठोके श्वासाबरोबर किंचित कमी-जास्त होत असतात. शरीराला सैल सोडता येतं याची ती एक खूण. जुनाट दुखण्याच्या रुग्णांत ही लवचिकता सरासरीने कमी आढळते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाबद्दल निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत ते वाढलेलं दिसतं, तर फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखणं आणि थकवा आणणाऱ्या आजाराच्या) अनेक रुग्णांत त्याची सकाळ-संध्याकाळची चढ-उतार सपाट झालेली दिसते. त्यात अपुरी झोप आली की दुसऱ्या दिवशी सहनशक्ती आणखी खाली येते. घरच्यांनी एवढं समजून घ्यावं की ‘हल्ली स्वभाव फार चिडका झालाय’ हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. ज्याची राखीव शक्ती सकाळी उठण्यातच संपली आहे, त्याच्याकडे अकरा वाजता आलेल्या फोनसाठी काही उरलेलं नसतं.

म्हणून हे मशीन तपासताना ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती उतरलं’ हा एकच निकष आम्ही अपुरा मानतो. धक्का बसल्यावर शरीर पुन्हा जागेवर यायला किती वेळ लागतो, हा खरा प्रश्न. भांडणानंतर उसळलेली कंबर रात्रीपर्यंत ठणकत राहायची आणि आता तास-दीड तासात निवते, असं झालं तर मशीनने काम केलं. मग आकडा सातचा सहाच का झालेला असेना.

मशीन करतं काय? त्वचेवरून सौम्य विजेचे अगदी छोटे झटके देऊन स्पर्शाच्या जाड नसा जाग्या करतं. मज्जारज्जूत दुखणं आणि स्पर्श यांचे संदेश एकाच फाटकातून पुढे जातात आणि स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याला वाट कमी मिळते, अशी मांडणी मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये केली. आपटलेलं कोपर आपण चोळतो ते याच कारणाने. शिवाय शरीराची स्वतःची अफूसारखी वेदनाशामक रसायनंही यात कामाला लागतात. परिणाम मुख्यतः मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ टिकतो.

पुरावा किती, हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये ३८१ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. मशीन चालू असताना आणि लगेच नंतर दुखणं कमी राहतं, असं त्यातून दिसलं. अमेरिकेत फायब्रोमायल्जियाच्या ३०१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोन तास, हालचाल करताना, चार आठवडे टेन्स लावला होता. त्यांचं हालचालीतलं दुखणं आणि थकवा खोट्या मशीनच्या तुलनेत कमी झाला. याउलट ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत प्राथमिक जुनाट दुखण्यासाठी, म्हणजे ज्याचं कारण दुसऱ्या आजारात पुरतं सापडत नाही अशा दुखण्यासाठी, टेन्स देऊ नये असं म्हटलं आहे, कारण त्यांना पुरेसा भरवशाचा पुरावा दिसला नाही. आमच्या मते या दोन्हींचा अर्थ एकत्र लावता येतो. नुसतं पडून राहून लावलेला टेन्स फारसं काही देत नाही. हालचालीच्या आणि ताणाच्या वेळी, पुरेशा तीव्रतेने लावलेला टेन्स मोजकी पण खरी उसंत देतो.

आता खरेदी. ‘मसाजर’ म्हणून विकली जाणारी, पडद्यावर चिमटे-थापट्या-मालिशची चित्रं असणारी मशीन घेऊ नका. त्यात आत किती हर्ट्झ (सेकंदाला किती झटके) आणि किती मायक्रोसेकंद (एक झटका किती वेळ टिकतो) चालू आहेत ते कळत नाही आणि बदलताही येत नाही. वारंवारिता आणि झटक्याची रुंदी हे दोन्ही आकड्यांत दिसणारं आणि बदलता येणारं मशीन घ्या. वारंवारिता २ ते १०० हर्ट्झपर्यंत आणि रुंदी ५० ते २५० मायक्रोसेकंदांपर्यंत जायला हवी. दोन्ही चॅनेलची तीव्रता वेगवेगळी ठेवता आली पाहिजे, कारण कंबरेच्या डाव्या-उजव्या बाजूला क्वचितच सारखं सोसतं.

तीव्रतेच्या पायऱ्या किती आहेत हे दुकानदार सांगत नाही, पण ताणाने हैराण असलेल्या माणसासाठी याहून महत्त्वाची बाब नाही. पंधरा-वीस पायऱ्यांच्या मशीनमध्ये एक पायरी चढवली की एकदम चटका बसल्यासारखं होतं, माणूस दचकतो आणि ज्यासाठी मशीन लावलं तेच बिघडतं. चाळीस-पन्नास किंवा त्याहून जास्त पायऱ्या असाव्यात. सुरू केल्यावर तीव्रता शून्यापासूनच सुरू व्हावी. मागच्या वेळची तीव्रता लक्षात ठेवून एकदम तिथूनच चालू होणारं मशीन परत करा. बटणाचा पीप-पीप आवाज बंद करता यावा. खिशात बटण दाबलं जाऊ नये म्हणून लॉक असावं. टायमर निदान ४५ किंवा ६० मिनिटांचा असावा. १५ मिनिटांना आपोआप बंद पडणारं मशीन परिणाम जेमतेम जमू लागतो तेव्हाच विझतं आणि पुन्हा शून्यापासून चढवत बसावं लागतं. बोटांना संधिवात असेल तर बारीक दातेरी चकती फिरवायची मशीन टाळा. मोठी बटणं बरी.

मशीनमागची क्लिप पट्ट्यासाठी बनवलेली असते. साडीच्या निऱ्यांवर किंवा गाऊनवर ती टिकत नाही, सटकते आणि वायर ओढली जाते. नाडीचा एक छोटा कापडी बटवा शिवून कमरेला बांधला की प्रश्न मिटतो.

पॅड लावण्याची पद्धत. त्वचा साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. तेल, बाम, पावडर, मलम काहीही नको. केस दाट असतील तर कात्रीने कापा. त्याच दिवशी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांवर चरचरतं. ५ × ५ सेंटिमीटरचे पॅड बहुतेक जागांना चालतात. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडएवढी जागा सोडा, एकमेकांना चिकटले तर वीज तिथल्या तिथे फिरते. कंबरेसाठी एका चॅनेलचे दोन पॅड मणक्याच्या डावीकडे वर-खाली आणि दुसऱ्याचे उजवीकडे लावा, मधल्या हाडापासून साधारण दोन बोटं बाहेर. गुडघ्यासाठी वाटीच्या वर दोन, खाली दोन, आणि चॅनेल तिरपे, म्हणजे वायरींची फुली होईल असे. मानेला फक्त मागून. मानेच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर, डोक्यावर, छातीवर आरपार कधीही नाही.

ज्यांना दुखऱ्या जागी कपड्याचा स्पर्शही सोसत नाही त्यांनी पॅड तिथे लावू नये. त्याच नसेच्या वाटेवर, जरा वर, जिथे स्पर्श ठीक वाटतो तिथे लावावेत. तेही सोसलं नाही तर दुसऱ्या अंगाला त्याच जागी लावून पाहावं. पण पहिली वेळ फिजिओथेरपिस्टसमोरच असावी.

सेटिंग : सुरुवातीला १०० हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद, सलग मोड. तीव्रता एकेक पायरी चढवा आणि प्रत्येक पायरीनंतर दोन श्वास थांबा. मुंग्या ठळक, जोरकस, पण हव्याशा वाटल्या पाहिजेत. अगदी मंद मुंग्यांवर थांबणं ही सर्वांत नेहमीची चूक, आणि ‘टेन्सचा उपयोग होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात. दुसऱ्या टोकाला, स्नायू उडायला लागला किंवा दात आवळले गेले तर तीव्रता जास्त झाली. पाच-दहा मिनिटांत संवेदना बोथट होते, तेव्हा एखाद-दुसरी पायरी वाढवा. एकूण ३० ते ४५ मिनिटं.

वेळ कोणती निवडायची, यात या मशीनची निम्मी किंमत आहे. दुखणं शिगेला पोचल्यावर लावलं तर पदरी निराशा येते. बँकेची रांग, एसटीचा प्रवास, दवाखान्यातली वाट पाहणं, घरी पाहुणे, असं काही ठरलेलं असेल तर २०-३० मिनिटं आधी सुरू करा आणि शक्य असेल तर त्या वेळीही चालू ठेवा. अनपेक्षित धक्का बसला असेल तर रात्रीची वाट पाहू नका, दहा-पंधरा मिनिटांच्या आत लावा. स्नायूंचं आवळणं अजून घट्ट बसलेलं नसतं तोवरच ते सोडवणं सोपं असतं.

मुंग्या जमल्या की पहिली पाच मिनिटं श्वासाला द्या. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास बाहेर सोडताना ठोके मंदावतात आणि शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. ओढूनताणून खोल श्वास घेऊ नका, गरगरलं तर नेहमीच्या श्वासावर या. जीभ टाळूवरून सैल सोडा, वरचे-खालचे दात वेगळे ठेवा. खांदे खाली ‘दाबू’ नका, त्याने ते उलट ताठतात. हात मांडीवर उताणे ठेवले की खांदे आपसूक उतरतात. मशीनशिवाय हाच श्वास कित्येकांना जमत नाही, कारण लक्ष आत वळवलं की आधी दुखणंच समोर येतं. मुंग्यांमुळे लक्षाला टेकायला दुसरी जागा मिळते. या दोन्हींची जोडी म्हणूनच चांगली.

उरलेल्या वेळात थोडी हालचाल करा. घरातल्या घरात चालणं, बसून कपड्यांच्या घड्या, गॅलरीतल्या झाडांना पाणी. आणि इथेच सर्वांत मोठा धोका आहे. बरं वाटतंय म्हणून तुंबलेली सगळी कामं उरकली जातात, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. टेन्स लावून जेवढं करता येईल असं वाटतं, त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबा. वीस मिनिटं चालता येईल असं वाटलं तर तेरा-चौदा. ही शिस्त मोडली की मशीनने मिळवलेली उसंत व्याजासकट परत जाते.

बिघाड कुठे होतो? आठवडाभर चांगलं चालून मग ‘मशीन काम करेनासं झालं’ अशी तक्रार सर्रास येते. मशीन शाबूत असतं, शरीर सरावलेलं असतं. रोज त्याच वारंवारितेने, त्याच तीव्रतेने लावलं तर चार-पाच दिवसांतच परिणाम उतरू लागतो. वारंवारिता आपोआप बदलत राहणारा मोड वापरा, तीव्रता थोडी वाढवा, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्या. अफूजन्य गोळ्या बराच काळ चालू असतील तर २ ते ४ हर्ट्झच्या मंद मोडचा उपयोग कमी होतो, कारण दोन्हींची वाट एकच आहे. अशांनी १०० हर्ट्झच्या आसपास राहावं. लावण्याआधी कडक चहा-कॉफी टाळून पाहा, कॅफिनमुळे परिणाम कमी होऊ शकतो.

मुंग्यांऐवजी एका कडेला टोचल्यासारखं झालं तर पॅडची कड सुटलेली असते किंवा जेल वाळलेलं असतं, आणि सगळी वीज उरलेल्या छोट्या भागातून जाते. मशीन बंद करून मगच पॅड हलवा. चालू मशीनचा पॅड सोलून काढताना बसणारा चटका लहानसाच असतो, पण दचकवतो. मुंग्या मध्येच जाऊन परत येत असतील तर वायर पिनेच्या गळ्याशी आतून तुटलेली असते. वायर गुंडाळताना मशीनभोवती करकचून आवळल्याने ती तिथेच मोडते. सैल वेटोळं करा. जास्तीची वायर आणि पॅड घेतानाच बघून ठेवा. ज्या मशीनची पिन वेगळ्याच मापाची आहे, त्याचे पॅड सहा महिन्यांनी मिळत नाहीत.

पॅड साधारण वीस-तीस वेळा टिकतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात घामाने त्याहून लवकर निकामी होतात. वापरून झाले की मूळ प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवून झिपच्या पिशवीत, सावलीत ठेवा. जेल कोरडं वाटलं तर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरा आणि काही मिनिटं थांबा. पॅड दोघांत वाटून वापरू नका. पॅडखाली हलकी लाली थोड्या वेळात गेली तर ठीक. खाज, पुरळ, फोड आले तर जेलची अॅलर्जी समजा आणि थांबवा.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं कुठलंही विद्युत उपकरण असेल तर हे मशीन घेऊच नका. गर्भारपणात, अपस्मारात, हृदयाच्या ठोक्यांचा आजार असताना, कर्करोगाच्या जागी, रक्ताची गाठ असलेल्या पायावर, जखमेवर किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या त्वचेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अंघोळीत, गाडी चालवताना, झोपेत नको. आणि पायातली ताकद नव्याने जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, ताप, विनाकारण वजन घटणं, छातीत दुखणं यांपैकी काहीही दिसलं तर पॅड न शोधता थेट दवाखाना गाठा. चालू गोळ्या मशीनच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका.

घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे चार-पाच वेळा लावून पाहता आलं तर उत्तम. घेतलंच, तर दोन आठवडे वहीत चार नोंदी ठेवा : धक्का कधी बसला, शरीर निवायला किती वेळ लागला, सलग किती मिनिटं चालता आलं, रात्री किती वेळा जाग आली. मधले तीन-चार दिवस मशीन न लावता हीच नोंद ठेवा. दोन्हींत फरक दिसला नाही तर ठरावीक मुदतीच्या आत मशीन परत करा.

पाठीवरचे पॅड स्वतःचे स्वतःला लावता येत नाहीत, हा या वस्तूचा मोठा दोष आहे. उसळी आलेली असताना ‘जरा वर, नाही, डावीकडे’ असं सांगत बसणंच कित्येकांना नको होतं आणि मशीन कपाटात जातं. जागा एकदा नक्की ठरली की पॅड लावलेल्या पाठीचा फोटो काढून त्याची प्रिंट मशीनच्या पिशवीत ठेवा, त्यावर वायरींचे रंग आणि नेहमीची तीव्रता लिहा. घरातल्या निदान दोघांना तो कागद बघून, न विचारता पॅड लावता आले पाहिजेत.